माळ गेला, मैना राहिली : कादंबरीतलं प्रेम पडद्यावर जाताना

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. चार-पाच महिने मनात घोळत असलेलं आज लिहून काढते. लांबण लागणार आहे, सवडीनं वाचा.

आम्ही आठ-नऊ जणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भिशीला जमतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं आणि नगर वाचनालयातली कितीतरी पुस्तकं भिजून लगदा झाली. पाणी ओसरल्यावर आमच्यातल्या तिघी तिथं हाताला हात म्हणून गेल्या होत्या, मी त्यातली एक. पंख्याखाली बसून एकेक पान सुटं करायचं, मधे कोरा कागद घालायचा. करता करता आम्ही तेच पान वाचत बसायचो. मागचंपुढचं काही माहीत नसताना कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय, एवढं कळायचं. त्यानंतर भिशीची वाचनभिशी झाली. जिच्या घरी भिशी, तिनं पुस्तक ठरवायचं.

यंदा आम्ही ठरवलं की आपल्याच मुलखातल्या लेखकांच्या प्रेमकथा वाचायच्या, आणि त्यावर सिनेमा निघालेला असेल तर त्याबद्दलही बोलायचं. सुरुवात वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांपासून. त्यांच्या कादंबऱ्यांवर सहा-सात सिनेमे निघालेत, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना ठाऊकच नव्हतं. कारण सोपं आहे, बऱ्याच सिनेमांची नावं वेगळी आहेत.

ती नावं शेजारी शेजारी ठेवून बघा. कादंबरी ‘माकडीचा माळ’, सिनेमा १९६९ चा ‘डोंगरची मैना’. कादंबरी ‘अलगूज’, सिनेमा १९७४ चा ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’. ‘चिखलातील कमळ’चा ‘मुरली मल्हारीरायाची’ झाला, ‘आवडी’चा ‘टिळा लावते मी रक्ताचा’.

मला झोप लागू दिली नाही ती पहिल्या जोडीनं. ‘माकडीचा माळ’ ही पालं ठोकून राहिलेल्या भटक्यांची गोष्ट. तिथलं प्रेम त्या माळावरच उगवतं. पाल कुठं ठोकायचं, गाव किती दिवस राहू देणार, पोटाला काय मिळणार, हे सगळं त्या प्रेमाच्या आत आहे. सिनेमाच्या नावात यायच्या वेळी माळ गेला आणि मैना राहिली.

अण्णा भाऊंनी स्वतः असं कधी केलं नाही. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. मुंबईला पोटासाठी गेलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, तिचं रूप सांगतो आणि ऐकता ऐकता ती ताटातूट बेळगाव-कारवारची, डांग-उंबरगावची होऊन जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसं ते गाणं ऐकून उठायची. बायकोवरचं प्रेम आणि जमिनीवरचं प्रेम त्यात वेगळं काढताच येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपल्या भागातल्या कादंबऱ्यांत पोरगा आणि पोरगी एकमेकांकडं बघतात तेव्हा दोघांच्या मधे अख्खं गाव उभं असतं. कुणाची जमीन कुणाकडं गहाण आहे, कोण कुणाच्या उंबऱ्यात उभं राहू शकतं, कुणाच्या शेताला पाण्याचा पाळा कधी. सिनेमा करताना ते गाव बाजूला सारतात आणि दोन चेहरे जवळ आणतात. प्रेमाच्या पायाखालची जमीन काढून घेतल्यावर जे उरतं ते प्रेम असतं का? तुम्हाला काय वाटतं, मनापासून सांगा.

वाईकरीण

ताई, धागा आवडला. जमीन काढून घेण्यावरून एक सांगते.

आमच्या मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांचा वाडा आहे, तुम्ही पाहिलाच असेल. ‘स्वदेस’च्या वेळी मी नववीत होते, आम्ही सायकलवर रोज शूटिंग बघायला जायचो. पडद्यावर तो घाट उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाला. त्याच्या आधी ‘गंगाजल’मध्ये आमची वाई बिहारमधली झाली होती. ज्या पायऱ्यांवर आमच्या आज्या धुणी धुवायच्या तिथं दुसऱ्याच मुलखातली माणसं एकमेकांच्या प्रेमात पडताना आम्ही थिएटरात बघितली. टाळ्या आम्हीच वाजवल्या. पण घरी आल्यावर आजी म्हणाली, “घाट आपला आन् पोरगी कुठली गं?”

जागा उचलून दुसरीकडं ठेवली तरी सिनेमाचं काम भागतं. कादंबरीचं भागत नाही.

जुनी जाणकारी, सातारा

मी थोडा विरोधात लिहिणार आहे. राग मानू नये.

ताईंनी सगळी कादंबरी एका पारड्यात आणि सगळा सिनेमा दुसऱ्या पारड्यात घातला. पण अण्णा भाऊंच्या आधीची आपली कादंबरी आठवा. वि. स. खांडेकर तुमच्याच सांगलीत १८९८ साली जन्मले. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांमधलं प्रेम कुठल्या जमिनीवर उभं होतं? नायक ध्येयवादी, नायिका त्याच्या ध्येयावर भाळलेली, मधे त्याग. पात्रं बोलायला लागली की सुभाषितं बोलायची. आमच्या आईच्या पिढीनं ती वाक्यं वहीत उतरवून घेतली, मी त्या वह्या पाहिल्यात. त्यात कुणाच्या पाण्याचा पाळा नव्हता.

आणि हेच खांडेकर १९३६ साली दिग्दर्शक मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ हा सिनेमा लिहायला गेले. पुढं ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’. म्हणजे मराठीतला एवढा मोठा कादंबरीकार थेट पडद्यासाठी लिहीत होता, कादंबरीची वाट बघत बसला नव्हता. प्रेमाची ती भाषा कादंबरीतून पडद्यावर आणि पडद्यावरून पुन्हा कादंबरीत अशी फिरत राहिली. कुणी कुणाला बिघडवलं हे ठरवणं अवघड आहे.

‘ययाति’ मात्र वेगळी. १९५९ ची. तिथं ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कहाणी आपापल्या तोंडानं सांगतात. एकाच लग्नाच्या तीन बाजू. देवयानी सांगते तेव्हा आपण तिच्या बाजूचे होतो, शर्मिष्ठा बोलायला लागली की लाज वाटते. वासना आणि प्रेम यातला फरक खांडेकरांनी एवढ्या वर्षांनी, साठी गाठल्यावर, असा उघडा मांडला. ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ साली. ही कादंबरी पडद्यावर कशी आणणार? कॅमेरा एका वेळी तिघांच्याही बाजूनं कसा राहणार? माझा सिनेमावर आक्षेप असलाच तर तो हा आहे. गाव जातं याचं मला तितकं वाटत नाही, सांगणारा जातो याचं वाटतं.

कृष्णाकाठ, सांगली

काका, राग कसला. वहीतल्या वाक्यांचं अगदी खरं. माझ्या आत्याच्या वहीत पहिल्या पानावर गणपती आणि दुसऱ्यावर खांडेकर होते.

‘सांगणारा जातो’ हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. विचार करते.

तंबूवाला, दहिवडी

नमस्कार. मी लिवणारा माणूस न्हाई, नातीकडनं टाईप करून घेतोय.

मी टुरिंग टॉकीजमधी ऑपरेटर हुतो. म्हसवड, खरसुंडी, पुसेगाव, औंध, जत्रा जितं तितं आमचा तंबू. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायचा. एका पिक्चरची १४-१६ रिळं. प्रिंट आमच्याकडं यायची तवा शहरात फिरून फिरून जुनी झालेली असायची.

हितं ताईंनी विचारलंय का पिक्चरमधी प्रेमाचं काय हुतं. मला रीळ हातात धरून जे कळलं ते सांगतो. ज्या रिळात गाणं त्या रिळाला सगळ्यात जास्त जोड. लोकं वन्समोर म्हणायची, मागं घेऊन परत लावायला लागायचं, फिल्म तुटायची. तुटली की खराब झालेला तुकडा कापायचा, दोन टोकं खरवडून चिकटवायची. असं दहा गावांत झालं की गाण्यातली अर्धी ओळच न्हाईशी व्हायची. नायिका झाडाखाली असायची आन् एकदम नदीवर. कुणी कधी तक्रार केली न्हाई. मधलं ज्येनं त्येनं आपापलं भरून घेतलेलं.

दुसरं असं. तंबूत बाप्यांची बाजू निराळी, बायांची निराळी, मधी कापड. बायांच्या बाजूला वाचता येणाऱ्या हाताच्या बोटावर मोजायच्या. त्यास्नी कादंबरी कोण देणार हुतं? अण्णा भाऊंनी लिवलेलं त्यांच्यापतुर पोचलं ते शाहिरानं गायल्यावर, न्हाईतर आमच्या तंबूत. त्यांच्याच कादंबरीवरचा ‘वैजयंता’ लावला की तमाशाच्या फडावरच्या बाया मागं येऊन बसायच्या. तिकिटाचे पैसे मोजून द्यायच्या. खेळ संपल्याचा बोर्ड पाडल्यावर बी बसूनच ऱ्हायच्या, त्यास्नी उठवायला मालक मला पाठवायचा आन् मी मुद्दाम वेळ लावायचो.

तुमी म्हणताय माळ गेला. पर आमच्या तंबूच्या खाली माळच हुता, ताई. लोकं माळावर बसूनच बघत हुती.

वाईकरीण

आजोबा, शेवटची ओळ वाचून डोळे भरले. नातीला सांगा, अजून लिहून घे म्हणावं.

शेवटचा बाक, कराड

तंबूवाले आजोबांना नमस्कार.

जुनी जाणकारी काका म्हणतात सांगणारा जातो. ‘शाळा’ घ्या त्यासाठी. मिलिंद बोकिलांची कादंबरी २००४ ची, मी ती अकरावीत असताना एका रात्रीत वाचली. आणीबाणीतली नववी. सगळं मुकुंद जोशी सांगतो. सुऱ्या, चित्र्या, फावड्या, नरूमामा सगळे त्याच्याच तोंडून. आणि शिरोडकर. ती आपल्याला आडनावानंच ठाऊक. ती क्लासला येते तेव्हा जोशीच्या पोटात काय होतं ते पानंच्या पानं आहे. तिच्या पोटात काय होतं? ते जोशीला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळत नाही. नववीतल्या मुलाचं प्रेम असंच असतं, हे बोकिलांनी फार इमानानं लिहिलं.

सुजय डहाकेच्या सिनेमात जोशीचं ते बोलणं बरंच गळालं. कादंबरीवर जीव असलेले माझे मित्र चिडले होते. मलाही पहिल्यांदा बघताना चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा माझं लक्ष शिरोडकरकडं गेलं. ती बघते. पडद्यावरच्या मुलीला डोळे असतात, त्यामुळं ती जोशीकडं बघते आणि त्याचं लक्ष नसतानाही बघते. कादंबरीत हे शक्यच नव्हतं, कारण जोशीचं लक्ष नसलेलं काहीही कादंबरीत येऊ शकत नाही. मी कादंबरी पाचेक वेळा वाचली होती, तरी शिरोडकरलाही जोशी आवडत असेल तर तिला किती भीती वाटत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. मुलाला लाईन देतेय असं शाळेत पसरलं की मुलीचं काय होतं ते आम्ही कराडात बघितलंय. माझ्या वर्गातल्या एकीचं नाव दहावीच्या आधीच शाळेतून काढलं घरच्यांनी. तिच्याशी आमच्यातला जो बोलायचा तो पुढं इंजिनियर झाला.

म्हणजे सांगणारा गेला तेव्हा जिच्याबद्दल सांगत होता ती समोर आली. हे मला नुकसान वाटत नाही.

मिरजेचा तंबोरा

शेवटचा बाक, हा मुद्दा फार मोलाचा आहे. याच्याच उलटं एक उदाहरण देतो, बंगालीतलं.

शरच्चंद्रांची ‘देवदास’ १९१७ ची. पारो आणि चंद्रमुखी कादंबरीत एकमेकींना भेटत नाहीत. दोघींच्या वाटा वेगळ्या, एकच माणूस दोघींच्या आयुष्यात. बिमल रॉयनी १९५५ साली सिनेमा केला तेव्हा दोघींना एका रस्त्यावर आणलं. एक मेण्यात, एक पायी. बघतात आणि पुढं जातात, शब्द नाही. २००२ च्या सिनेमात दोघी दुर्गापूजेला एकत्र नाचतात.

पहिला बदल मला कादंबरीच्या आतून आलेला वाटतो. त्या एका नजरेत दोघींना कळतं की आपण एकाच दुःखाच्या आहोत, आणि ओळख करून घ्यायला समाजानं जागा ठेवलेली नाही. दुसऱ्यात ती जागा सहज मिळते. जमीनदाराची बायको कोठ्यावरच्या बाईबरोबर नाचते, म्हणजे मग अडचण कुठं होती? अडचणच नसेल तर देवदास दारू का पितोय? कृष्णाकाठ ताई ज्याला जमीन म्हणतात ती हीच असावी. प्रसंग वाढवला याची तक्रार नाही, अडचण काढून टाकली याची आहे.

काठीचंही तसंच. कादंबरीत देवदास पारोच्या कपाळावर मासे धरायच्या काठीनं मारतो. नव्या सिनेमात मोत्यांची माळ आहे. जखम दागिन्याची झाली. मला ते बघवलं नाही.

घाटमाथा

सहमत. काठीचं वाचून अंगावर काटा आला.

द्राक्षबाग, कवठेमहांकाळ

रात्रीची फवारणी आटपून हे वाचत बसलोय. आमच्या तालुक्याचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो.

मळणगावचे चारुता सागर. नाव बाईचं वाटतं, पण ते गुरुजी होते, दिनकर भोसले. त्यांच्या ‘दर्शन’ या कथेवर आणि राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्यांवर मिळून २००९ चा ‘जोगवा’ झाला. राजीव पाटलांचा. उपेंद्र लिमयेला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता यातली गंमत नव्हे, यातलं दुःख बघा. ‘चौंडकं’ ही सुलीची कादंबरी. केसात जट निघाली म्हणून देवीला सोडलेली पोरगी. ‘भंडारभोग’ ही तायप्पाची. चांगला धडधाकट गडी, त्याला लुगडं नेसवून देवीचा जोगत्या केलेला. दोन वेगळी पुस्तकं. सुली तिच्या पुस्तकात एकटी, तायप्पा त्याच्या पुस्तकात एकटा. वाचताना गुदमरायला होतं, कारण दोघांनाही आपल्यासारखं कुणी भेटत नाही.

सिनेमावाल्यांनी काय केलं, या पुस्तकातली ती आणि त्या पुस्तकातला तो एकत्र आणले. प्रेम पडद्यावर घडवलं. बाकीच्या धाग्यात आपण म्हणतोय की सिनेमा प्रेमातून काहीतरी कमी करतो. इथं मुळात जे नव्हतंच ते घातलं. आणि मला ते खोटं वाटलं नाही. लुगडं नेसलेला पुरुष आणि मळवट भरलेली बाई एकमेकांना पहिल्यांदा माणूस म्हणून बघतात, तेव्हा आमच्या गावच्या थिएटरात एक शिट्टी वाजली नाही. गाण्याला सुद्धा नाही. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

आमच्या आळीत एक जोगतीण यायची. आई तिला पसाभर ज्वारी घालायची, पायावर पाणी घालायची, आणि आम्हाला तिच्याजवळ जाऊ द्यायची नाही. तिला कुणी आवडत असेल असं माझ्या मनात सुद्धा कधी आलं नाही. सिनेमा बघून घरी येताना मोटारसायकल बांधाला लावून मी बराच वेळ बसलो होतो.

कादंबरी खरी, यात वाद नाही. खऱ्यात सुलीला तायप्पा भेटत नाही. पण भेटायला पाहिजे होता, हे मला सिनेमानं सांगितलं.

जुनी जाणकारी, सातारा

द्राक्षबाग, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. दोन कादंबऱ्यांमधली दोन माणसं जवळ आणण्याचा हा विचार मी असा कधी केला नव्हता. माझा आधीचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण तो ‘ययाति’पुरता ठेवतो.

‘जैत रे जैत’चीही आठवण झाली. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, १९७७ साली जब्बार पटेलांचा सिनेमा. नाग्या आणि चिंधी, ठाकर आदिवासींची गोष्ट. त्यात पुढाकार चिंधीचा आहे, नवरा सोडून आलेल्या बाईचा. नाग्याचं वेड राणीमाशीचं, सूड घ्यायचं, आणि चिंधी त्या वेडासकट त्याला पत्करते. शेवटी माश्यांच्या डंखानं जाते ती. ना. धों. महानोरांची गाणी आहेत, पण ती गाणी डोंगरातून निघाल्यासारखी वाटतात, वरून लावल्यासारखी वाटत नाहीत. सिनेमात गाणं असलं की जमीन सुटते असं जे आपण समजतो ते इथं लागू पडत नाही.

चार भिंती

मी इथं सहसा फक्त वाचते. जुनी जाणकारी काकांनी चिंधीचं नाव घेतलं म्हणून लिहायला बसले.

नव्वदीतली गोष्ट आहे, साताऱ्यातली. आमची ओळख वाचनालयात झाली. तो पुस्तक परत करायचा, मी ते मागून घ्यायची. चिठ्ठी कधी घातली नाही त्यात. तो ज्या ओळीपाशी थांबला असेल तिथं पेन्सिलीचा बारीक ठिपका असायचा, एवढंच. त्यातलं एक पुस्तक विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९ चं. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि जर्मनीतून हाकललेली हॅर्टा. बोटीवरचे ते थोडेसे दिवस, आणि मग मुंबई आली की संपलं. तिला पुढं जायचंय पण कुठल्याच किनाऱ्यावर तिला घर नाही. त्या पुस्तकात एकाही ओळीपाशी ठिपका नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, सगळीकडंच द्यावा लागला असता.

जात वेगळी होती. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. ‘रणांगण’ मी तिला कसं सांगणार? दूरदर्शनवर ‘जैत रे जैत’ लागला, आम्ही दोघीच घरात होतो. चिंधी बोलायला लागली तसं आईनं तांदूळ निवडायचं थांबवलं. पिक्चर संपल्यावर म्हणाली, “मेली बिचारी. पण जगली बाई चार दिवस.” त्या वाक्याचा आधार घेऊन मी आईला सांगितलं. ती रागावली नाही. घाबरली. खूप घाबरली.

आता या धाग्यावर मला जे खरं म्हणायचंय ते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती नोटीस कचेरीत फलकावर लावतात. कुणीही येऊन वाचावी. ते ३० दिवस मी कधी विसरणार नाही. रोज सकाळी उठलं की पहिला विचार तोच, आज कुणी बघितली असेल का. भाजी आणायला गेले तर वाटायचं, पेठेतल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या महिन्यात आम्ही दोघं एकदाही भेटलो नाही. प्रेम करणं म्हणजे त्या महिन्यात फक्त न भेटणं होतं.

मी एवढ्या कादंबऱ्या वाचल्या, एवढे सिनेमे बघितले. सिनेमात दोघं पळत कचेरीत जातात, सही करतात, हार घालतात, पुढचं दृश्य. कादंबरीत फार तर ‘त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला’ असं एक वाक्य. ते ३० दिवस कुणीच लिहिले नाहीत. एका फलकावर लावलेला कागद आणि त्याच्यासमोरून जाणारी माणसं, एवढ्यावर अख्खी कादंबरी होईल, आणि सिनेमा तर सहज होईल. मी वाट बघतेय कुणीतरी करेल म्हणून.

लग्नाला आता तीस वर्षं होत आली. आई शेवटपर्यंत त्याला ‘जावई’ म्हणाली नाही, नावानं हाक मारायची, पोटच्या पोरासारखी.

शेवटचा बाक, कराड

ताई, त्या ३० दिवसांवर तुम्हीच लिहा. आम्ही वाचू. खरंच.

द्राक्षबाग, कवठेमहांकाळ

मीही हेच म्हणणार होतो.

तंबूवाला, दहिवडी

चार भिंती ताईंच्या आईचं वाक्य नातीनं दोनदा वाचून दाखवलं. आमच्या तंबूत कापडाच्या पल्याड बाया असंच काय काय बोलत असणार. मशीनच्या आवाजात मला कधी ऐकू आलं न्हाई.

कृष्णाकाठ, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा टाकताना मला वाटलं होतं, मी म्हणते त्याला चार जण होकार देतील आणि विषय मिटेल. तसं झालं नाही याचा आनंद आहे.

तंबूवाल्या आजोबांनी लिहिलेलं वाचल्यावर मी काल माझ्या आईला विचारलं. आई ८४ वर्षांची आहे, आटपाडीकडची. लग्नाआधी जत्रेत तिनं तंबूत पिक्चर बघितलेले मला माहीत होतं, पण मी कधी खोदून विचारलं नव्हतं. म्हटलं, प्रेमाचा पिक्चर कुठला आठवतो तुला?

नाव तिला आठवलं नाही. हिरोचं नाही, हिरॉइनचं नाही, गाणं नाही. गोष्टीत पुढं काय झालं तेही नाही. खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्या बाईला भाकरी थापता येत हुती.”

मी म्हटलं म्हणजे?

“काटवटीत पीठ मळलं, थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. खरी. नाटकातली न्हाई. आन् पहिली भाकरी उतरली ती तिनं बाजूला ठेवली. घरातल्या सगळ्यांस्नी वाढलं, ती ठेवलेली वाढली न्हाई. तवाच मला कळलं.”

काय कळलं, विचारल्यावर आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढं विचारलं नाही.

पुढच्या भिशीला ‘चौंडकं’ घेतोय. भिशी माझ्या घरी आहे आणि त्या दिवशी आई मधोमध बसणार आहे. आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं ठरलंय, म्हणजे तिलाही ऐकता येईल. चार भिंती ताई, साताऱ्याहून सकाळच्या एस्टीनं निघालात तर जेवायच्या आधी पोचता. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.